द्रम्म, दाम आणि दमडी

उत्तर कोकणच्या शिलाहारांचे लेख वाचताना ‘द्रम्म’ हा शब्द वारंवार आढळतो. त्याचा वेष संस्कृत असला तरी कूळ ग्रीक आहे. ग्रीकांच्या ‘द्राख्मे’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘मूठभर’ असा मानतात. ओबोल म्हणजे धातूची सळई. अशा सहा सळया एका मुठीत मावत, आणि पुढे नाणी आली तेव्हाही सहा ओबोलांचा एक द्राख्मे हाच हिशेब राहिला. मिनँडरचे जुने द्राख्मे इसवी सनाच्या पहिल्या शतकातही भडोचच्या बाजारात चालत होते. इराणात याच शब्दाचा ‘द्रह्म’ झाला व अरबीत ‘दिरहम’.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) दिलेले कोष्टक असे: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे एका द्रम्माच्या १२८० कवड्या! सामान्य माणसाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे.

प्राकृतात द्रम्माचा ‘दम्म’ झाला आणि त्याचा पुढे ‘दाम’. उच्चाराबरोबर मोलही झिजले. अकबराच्या काळी दाम हे तांब्याचे नाणे होते, रुपयाला चाळीस. आणि दमडी म्हणजे त्या दामाचा आठवा हिस्सा. सहा दामांचा ‘छदाम’ तर पुढे पाव पैशावर येऊन ठेपला. आज छदाम आणि दमडी उरली आहेत ती नकार देण्यापुरती.

‘दामदुप्पट’ या शब्दाची गत मात्र याहून विचित्र आहे. दामदुप्पट म्हटले की आज ठेवीदाराला भुलविणाऱ्या योजना आठवतात. वस्तुतः हा शब्द ऋणकोच्या रक्षणाचा आहे. धनकोला एका वेळी मुद्दलाइतकेच व्याज घेता येते, त्याहून अधिक नाही, हा मनुस्मृतीत आलेला नियम. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य केला. शंभर रुपयांचे कर्ज वीस वर्षे थकले, तरी व्याजापोटी एकदम शंभरांवर मागणी चालत नसे. दुप्पट ही धनकोच्या मागणीची कमाल मर्यादा होती. जाहिरातीत तीच ठेवीदाराला दिलेले आश्वासन झाली आहे.