बाळकृष्ण दोशी : घडण आणि आराखड्याची प्रक्रिया

पुण्यात १९२७ साली जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १९५१ मध्ये ते ल कॉर्ब्युझिए यांच्या पॅरिस येथील कार्यालयात दाखल झाले. भारतात परतल्यावर अहमदाबादमध्ये त्यांनी गुरूंच्या इमारतींच्या बांधकामावर देखरेख केली. पुढे तेथील भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या कामात लुई कान यांना साहाय्य केले. अशा दोन समर्थ गुरूंच्या सहवासातून बाहेर पडून शिष्याने स्वतःचे काय शोधले, हा खरा अभ्यासविषय होय.

त्याचे उत्तर इंदूरच्या 'अरण्य' वसाहतीत मिळते. १९८० च्या दशकातील या प्रकल्पाचा आराखडा आखण्यापूर्वी शहरातील झोपडवस्त्यांची पाहणी करण्यात आली. घराबाहेरचा ओटा, झाडाखालची सावली येथेच घरकाम, किरकोळ विक्री आणि गप्पा चालतात, हे लक्षात घेतले गेले. त्यामुळे गरीब कुटुंबांना पूर्ण घर न देता भूखंड, जोते आणि पाणी-शौचालयाची सोय देण्यात आली. पुढील बांधकाम त्यांनी ऐपतीप्रमाणे करावयाचे होते. दोशींनी बांधलेली ८० घरे केवळ नमुन्यादाखल होती. गुरूंच्या वास्तूंत अखेरचा शब्द वास्तुविशारदाचा असतो. येथे तो रहिवाशाचा आहे.

'अरण्य'ला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार, तर दोशींना २०१८ मध्ये प्रिट्झ्कर पुरस्कार लाभला. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. मात्र या पद्धतीत स्वातंत्र्याबरोबर भारही रहिवाशावरच येतो. पैसा, गवंडी, बांधकाम साहित्य यांची जुळवाजुळव त्यालाच करावी लागते, आणि ही बाजू गौरवपर लेखनात सहसा निसटते.