बाहेरचे पत्र आत का येत नाही?

पत्रावर नुसते 'तळेगाव, जिल्हा पुणे' एवढेच लिहिले तर ते कुठे पोचेल? मावळात तळेगाव दाभाडे आहे आणि शिरूर तालुक्यात वेळ नदीकाठी आमचे तळेगाव ढमढेरे आहे. अशा सारख्या नावांच्या गावांमुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठीच १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड आला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. त्यांच्या योजनेमागचे तत्त्व साधे आहे : पत्र नेमके पोचायचे असेल तर पत्ता एकमेव हवा.

हे तत्त्व मोडले तर काय होते, आणि मोडूनही काम कसे चालवतात, हे मला एका खेळाच्या निमित्ताने समजून घ्यावे लागले. दिवाळीच्या सुटीत माझ्या मुलीने आमच्या संगणकावर 'लुआंटी' हा खेळ मांडला. ठोकळे रचून गावे, पूल, डोंगर उभे करायचा हा खेळ फुकट मिळतो. २०२४ पर्यंत त्याचे नाव 'माइनटेस्ट' होते. एकाने आपल्या संगणकावर जग मांडायचे आणि इतरांनी त्यात यायचे, अशी त्यात सोय आहे. यजमान असलेल्या त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. घरातल्या दुसऱ्या फोनवरून मुलीच्या जगात सहज जाता आले. म्हणून तिने तोच पत्ता, १९२.१६८.१.५, भीमेपलीकडे दौंडला राहणाऱ्या आतेभावाला कळवला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला, "मामा, इकडं नुसतं गोल गोल फिरतंय. आत जातच नाही."

'तिसरा बाक' हा पत्ता होतो का?

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटांचा आहे. एक बिट म्हणजे ० किंवा १. तेव्हा एकूण पत्ते झाले २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. तेव्हा संगणक थोडे होते, त्यामुळे सव्वाचारशे कोटी पत्ते भरपूर वाटले. पण यंत्रे वाढत गेली आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून संपले.

ही टंचाई आधीच दिसू लागली होती. म्हणून १९९० च्या दशकात एक तोड काढली गेली. काही पत्ते 'फक्त घरात वापरायचे' म्हणून राखून ठेवले. १९९६ च्या नियमानुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असे राखीव आहेत. ते कोणीही आपापल्या घरात, शाळेत, कचेरीत वापरावेत, मात्र बाहेरच्या जगात त्यांना अर्थ नाही.

आता आमची चूक लक्षात येईल. १९२.१६८.१.५ म्हणजे 'तिसरा बाक' म्हणण्यासारखे आहे. तिसरा बाक प्रत्येक वर्गात असतो. दौंडच्या मुलाने तो पत्ता दिला तेव्हा त्याचा फोन स्वतःच्याच घरातला तिसरा बाक शोधत राहिला!

दारावरचा मॉनिटर

मग घरातली यंत्रे बाहेरच्या जगाशी बोलतात तरी कशी? ते समजण्यासाठी पुढचा खेळ वर्गात करून पाहा. मी तो आठवीच्या मुलांबरोबर केला आहे.

प्रत्येक बाकाला क्रमांक द्या. एका मुलाला मॉनिटर करून नोंदवही देऊन दाराशी बसवा. चार मुले बाहेर व्हरांड्यात उभी करा. ही 'दूरची गावे'. नियम असा की वर्गातल्या कोणाचाही बाक क्रमांक बाहेर जाता कामा नये. सातव्या बाकावरची मुलगी एका गावाला चिठ्ठी लिहिते. मॉनिटर त्यावरचा 'बाक ७' खोडतो, शाळेचे नाव आणि एक तिकीट क्रमांक लिहितो, समजा ४१. मग वहीत नोंद करतो : 'तिकीट ४१ – बाक ७'. उत्तर येते ते 'शाळा, तिकीट ४१' या नावाने. मॉनिटर वही पाहून चिठ्ठी सातव्या बाकावर पोचवतो.

घरातला राउटर हेच काम करतो. सगळ्या घराला बाहेरचा पत्ता एकच असतो. तिकिटाच्या जागी असतो 'पोर्ट' क्रमांक, ० ते ६५,५३५ पैकी एक. पोस्टाची इमारत एक असली तरी बचत खात्याची खिडकी वेगळी, पार्सलची वेगळी, तसेच हे. या अदलाबदलीला थोडक्यात 'नॅट' म्हणतात. तिच्यामुळे एका पत्त्यावर अख्खे घर भागते.

आता बाहेरच्या एका मुलाला, वर्गातून कोणतीही चिठ्ठी गेलेली नसताना, आपणहून शाळेच्या नावाने चिठ्ठी पाठवायला सांगा. मॉनिटर वही चाळतो. नोंद नाही. कोणाला द्यायची? चिठ्ठी टोपलीत जाते. मॉनिटरची यात काही चूक नाही, त्याला खरोखरच माहीत नसते.

दौंडच्या मुलाला घराचा बाहेरचा पत्ता दिला असता, तरी त्याच्या हाकेचे हेच झाले असते. आपण रोज संकेतस्थळे पाहतो, चित्रफिती पाहतो, तेव्हा पहिली चिठ्ठी आपण लिहितो. यजमान व्हायचे तर पहिली चिठ्ठी बाहेरून आली तरी ती घ्यावी लागते.

मॉनिटरला कायमची सूचना

उपाय सोपा आहे. मॉनिटरच्या वहीत आधीच लिहून ठेवा : 'तिकीट ३०,००० घेऊन कोणीही आले, तर बाक ७ कडे पाठव.' पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे एवढेच. पायऱ्या अशा :

१. यजमान संगणकाचा घरातला पत्ता पक्का करा. एरवी राउटर तो बदलू शकतो आणि मग सूचना भलत्याच बाकाकडे जाते. राउटरमध्ये अमुक यंत्रासाठी अमुक पत्ता राखून ठेवण्याची सोय असते.

२. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता लिहून त्याचे पान उघडा. तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो. पत्ता व परवलीचा शब्द अनेकदा राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो.

३. 'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा 'व्हर्च्युअल सर्व्हर' हा भाग शोधा. तिथे चार गोष्टी भरा : बाहेरचा पोर्ट, आतला पोर्ट, आतला पत्ता आणि प्रकार. लुआंटीसाठी पोर्ट ३०,००० आणि प्रकार यूडीपी. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीसाठी २५,५६५ आणि टीसीपी.

४. संगणकाची स्वतःची फायरवॉल असते. तिलाही या खेळापुरती परवानगी द्या.

५. घरच्याच वाय-फायवरून तपासू नका. काही राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ देत नाहीत. फोनचा मोबाइल डेटा चालू करून तपासा.

टीसीपी आणि यूडीपी यांत फरक काय? टीसीपी म्हणजे पोचपावतीचे टपाल. हरवले तर पुन्हा पाठवायचे. यूडीपी म्हणजे साधे पोस्टकार्ड. धावत्या खेळात 'मी अर्ध्या सेकंदापूर्वी कुठे होतो' ही बातमी पुन्हा पाठवून उपयोग नसतो, पुढची बातमी लवकर पोचलेली बरी. म्हणून कित्येक खेळ पोस्टकार्डच पसंत करतात.

सगळे बरोबर करूनही

मी हे सगळे केले. तरीही दौंडला गोल गोल फिरणे थांबले नाही. तीन संध्याकाळी मी आकडे तपासत बसलो. शेवटी मुलीनेच विचारले, "बाबा, आपल्या मॉनिटरच्या पुढे आणखी कोणी मॉनिटर बसलाय का?"

प्रश्न अगदी मर्मावरचा होता. राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता दिसतो. आमचा १०० ने सुरू होत होता. 'माझा पत्ता काय' असे सांगणाऱ्या संकेतस्थळावर मात्र वेगळाच पत्ता दिसत होता. म्हणजे वाटेत आणखी एक दार होते, आणि ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे होते. पत्ते संपल्यावर कंपन्यांनी अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता द्यायला सुरुवात केली. अशा मधल्या जाळ्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे ४१,९४,३०४ पत्ते राखून ठेवले गेले.

वर्गातल्या खेळात हे दाखवायचे तर शाळेच्या फाटकाशी दुसरा मॉनिटर बसवा. वर्गाच्या दारावरच्या वहीत कितीही सूचना लिहा, फाटकावरच्या वहीत नोंद नसेल तर चिठ्ठी तिथेच टोपलीत पडते. आणि ती वही आपल्या हातात नसते. तेव्हा पहिली पायरी खरे तर हीच हवी : दोन पत्ते जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर राउटरवर कितीही कष्ट घेतले तरी व्यर्थ.

यावर एक मार्ग म्हणजे कंपनीकडून स्वतंत्र पत्ता मागणे. त्याला बहुधा जादा पैसे पडतात. दुसरा मार्ग नव्या पत्त्यांचा. आयपीव्ही६ या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा असतो. एकूण पत्ते ३४० वर ३६ शून्ये, इतके. त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला जगात एकमेव पत्ता देता येतो, बाक क्रमांक खोडावाच लागत नाही. या बाबतीत भारत मागे नाही. आपल्याकडचे निम्म्याहून अधिक वापरकर्ते आज या पद्धतीने जोडले जाऊ शकतात, आणि त्यात मोबाइल कंपन्यांचा वाटा मोठा आहे. आमच्या जोडणीवर आणि भाच्याच्या मोबाइलवरही ही सोय होती. खेळात आयपीव्ही६ चालू केले, राउटरच्या फायरवॉलमध्ये फक्त त्या एका पोर्टला वाट दिली, आणि दौंडचा मुलगा तळेगावच्या ठोकळ्यांच्या पुलावर येऊन उभा राहिला.

उघडे दार सगळ्यांनाच उघडे

वहीतली ओळ पुन्हा वाचा : 'कोणीही आले, तर'. दार भाच्यासाठी उघडले, तरी ते जगाला उघडे असते. अशी दारे शोधत फिरणारे प्रोग्रॅम अखंड चालू असतात. जुन्या पद्धतीचे जगभरातले सर्व पत्ते एका साध्या संगणकावरून पाऊण तासाच्या आत ठोठावता येतात, हे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवले. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले होते.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. राउटरचा मूळ परवलीचा शब्द आधी बदलावा. एकच पोर्ट उघडावा. सर्व पोर्ट एका यंत्राकडे वळवणारी 'डीएमझेड' ही सोय वापरू नये. न विचारता दारे उघडणारी 'यूपीएनपी' बंद ठेवावी. खेळाला परवलीचा शब्द ठेवावा, खेळ अद्ययावत ठेवावा, आणि खेळून झाले की ती ओळ वहीतून खोडावी.

आमच्याकडे आता हे काम मुलीचे आहे. खेळ संपला की ती स्वतः राउटरचे पान उघडते आणि ओळ खोडते. रात्री दाराला कडी घालावी तसे.