सातारचा ‘देवाचा दरबार’ आणि ख्रिस्ती आत्मसन्मान

नम्रता हा ख्रिस्ती जीवनाचा मोठा गुण मानला जात असल्याने ख्रिस्ती माणसाने स्वतःला तुच्छ लेखावे, अशी समजूत चर्चच्या आत आणि बाहेरही आढळते. बायबलमध्ये मात्र तिला आधार सापडत नाही. बायबलच्या पहिल्याच अध्यायात स्त्री आणि पुरुष दोघेही देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाल्याचे सांगितले आहे, आणि येशूने शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा देताना माप म्हणून स्वतःवरील प्रेमच धरले आहे. त्याचबरोबर संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात स्वतःविषयी अवास्तव मोठेपणा बाळगण्यापासून सावध केले आहे. या विचाराचा गाभा ‘कृपा’ या कल्पनेत, म्हणजे पात्रता न पाहता देवाने केलेल्या प्रेमात आहे. न्यूनगंड आणि अहंगंड हे दोन्ही इतरांशी केलेल्या तुलनेवर पोसले जातात. ज्याला आपली किंमत देवाने आधीच दिलेली आहे असा विश्वास वाटतो, त्याला ती कोणाला खाली ढकलून मिळवावी लागत नाही, आणि आपला दोष कबूल करतानाही तो मोडून पडत नाही.

हा विचार किती अवघड आहे आणि किती बळ देतो, हे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या अखेरच्या वर्षांत दिसते, आणि त्यांतील महत्त्वाचा भाग साताऱ्यात घडला. चित्पावन कुळात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याच्या संस्काराने ख्रिस्ती मंडळीत प्रवेश केला, आणि पुढे अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. मिशनने शाळा आणि दवाखाने उभे केले, परंतु पैसा आणि निर्णय मुख्यतः परदेशी मिशनऱ्यांच्या हाती राहिल्याने येथील ख्रिस्ती समाजाला परावलंबनाची सवय लागली. देवाचे लेकरू म्हणवणाऱ्या समाजाने कायम आश्रिताप्रमाणे वागावे, ही विसंगती टिळकांना सहन होईना. त्यांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला; बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात समान स्थान देण्याचा त्यांचा संकल्प होता. मिशनऱ्यांविषयी द्वेष न बाळगता त्यांचे पालकत्व नाकारणे हे या कृतीचे खरे मोल आहे. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगणाऱ्या टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत आणले, त्यामुळे आपली भाषा आणि आपले सूर देवापुढे उणे नाहीत, हा विश्वासही मराठी ख्रिस्ती माणसाला मिळाला.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची वाट याहून कठीण होती, कारण कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या स्त्रीला पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे ताटातूट सोसावी लागली, आणि जातीचा अभिमान त्यांनी स्वतः विचार करून, उशिरा पण कायमचा, सोडला. जातीच्या आधाराने उभा असलेला मान गळून पडल्यावरही त्यांचा आत्मसन्मान उणावला नाही, हे १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातील निर्भय मोकळेपणावरून कळते. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या बाईने मराठीला असे पुस्तक द्यावे, ही आनंदाची गोष्ट आहे.

माणसाची किंमत देवाने दिलेली आहे, ही श्रद्धा सांगली जिल्ह्यात वैद्यकीय सेवेतून प्रकटली. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि तेथे कुष्ठरुग्णांचीही सेवा झाली. ज्यांना घरानेच दूर लोटले, त्यांच्या जखमेला हात लावून पट्टी बांधणे हे त्यांची किंमत मान्य करणेच होते.

तरीही महाराष्ट्रातील चर्चमध्ये जातीची उतरंड पूर्णपणे मिटली नाही, आणि सोयरीक जमवताना ती अजूनही डोके वर काढते, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. माणसाला मोजण्याची मापे केवळ जातीचीच नसतात: आज सातारा-सांगलीतील तरुण स्पर्धा परीक्षेच्या निकालावरून, नोकरीवरून आणि लग्नाच्या बाजारातील भावावरून स्वतःला मोजतात, आणि निकाल हुकला की अनेकांना आपले सारे आयुष्यच वाया गेले असे वाटते. अशा वेळी पालकांनी, शिक्षकांनी आणि धर्मगुरूंनी मुलांना गुणपत्रिका येण्याच्या आधीच, आणि ती आल्यानंतरही, तितक्याच मायेने जवळ करावे. चर्चने तर हे काम इतर कोणाच्या आधी हाती घ्यावे.