तारामतीचे हात

वरूडच्या मंडीत आंबियाचा माल उतरत असतो, तेव्हा संत्रा निवडणाऱ्यांच्या हातांकडे बघत बसावं. तोंडात खर्रा, नजर रस्त्यावर, गप्पा अखंड चालू. हात मात्र लहान, मोठं, डागी फळ आपोआप वेगवेगळ्या कॅरेटात टाकत असतात. त्यातल्या एका सत्तरीच्या काकांनी तरुणपणी गावच्या दंडारीत बाईचं सोंग घेतलेलं. मिशीचं काय करायचात, असं विचारलं तर ते जरा कानकोंडे झाले. "बाप जिता होता ना भाऊ तवा. मिशी कशी काढाव? पदर तोंडावर घ्याचो अन् हातानंच सारं दाखवाचो."

नेमकी हीच अडचण १९१२ साली दादरला दादासाहेब फाळक्यांपुढे उभी होती. फरक एवढाच, की कॅमेऱ्यापुढे पदर फार वेळ तोंडावर ठेवता येत नाही.

'राजा हरिश्चंद्र'ची जुळवाजुळव चालली होती. लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणलेला, कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके घरीच करत, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच गळ्यात. हरिश्चंद्र मिळाला, दत्तात्रय दामोदर दाबके. रोहिदास घरातच होता, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. तारामती काही मिळेना. घरंदाज बायका सोडाच, नाचगाण्यावर पोट असलेल्या बायकांनीही नकार दिला. सिनेमात काम करणं तेव्हा इतकं हलकं समजलं जायचं, की 'कुठं कामाला आहेस' असं कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहे असं सांगा, अशी तंबी फाळक्यांनी आपल्या माणसांना दिली होती म्हणतात.

आता वाचक म्हणेल, बाई नसेना, नाटकातला स्त्रीपार्टी घ्यायचा. त्या काळी मराठी रंगभूमीवर त्यांची काय कमतरता होती? बालगंधर्वांच्या लुगड्याची नेसण बघून घरोघरच्या बायका तशी नेसायला शिकत होत्या. पण हे वैभव होतं गळ्याचं. ज्याच्या गाण्याला 'वन्स मोअर' मिळतात, तो मुक्या पडद्यावर कशाला येईल? 'राजा हरिश्चंद्र' लागला त्याच १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. एकाच वर्षी, एकाच मुंबई-पुण्याच्या आवारात, बाईचं काम करणारे दोन पुरुष दोन टोकांना उभे होते. एकाचं नाव अजून नाट्यगृहांवर आहे. दुसरा ग्रँट रोडच्या भागातल्या एका साध्या हॉटेलात आचारी होता.

त्याचं नाव अण्णा साळुंके.

फाळके तिथं खायला जात. समोर बशी ठेवणाऱ्या या पोराची अंगलट सडपातळ होती, चेहरा नाजूक आणि हात बाईसारखे. हॉटेलात त्याला महिन्याला १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ देऊ केले. भारतीय सिनेमाची पहिली नायिका पाच रुपयांच्या पगारवाढीवर मिळाली. मला ही गोष्ट गमतीची वाटत नाही, हिशेबाची वाटते. गावाकडून मुंबईत आलेल्या पोराला पगार निम्म्यानं वाढतोय म्हटल्यावर लुगडं नेसायला हरकत का असावी?

मिशीवरून मात्र या कारखान्यात रणं माजली. स्त्रीपात्रांना घेतलेले पुरुष मिशीला वस्तरा लावू देत नव्हते. मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर. आमच्या मंडीतल्या काकांचं उत्तर असं शंभर वर्षं जुनं निघालं. फाळक्यांनी मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठं तारामती आणि तिच्या दासी गुळगुळीत झाल्या.

मूकपटातलं काम म्हणजे डोळे वटारणं आणि छाती बडवणं, असा आपला समज. तो अगदीच खोटा नाही. पण त्यामागचा तांत्रिक नाइलाज कुणी सांगत नाही. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल ओठ पडद्यावर काळे पडत, आणि आपल्याकडचा सावळा, गव्हाळ चेहरा आणखी काळवंडे. म्हणून तोंडाला पांढरट लेप फासायचा. चित्रीकरण सगळं सूर्यप्रकाशात. कॅमेरा एका जागी खिळलेला, माणसं डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत उभी. चेहऱ्यावरची बारीक रेघ अशा चित्रात दिसायची कुठून? दिसायचा तो देहाचा झोक, मान आणि हात. फाळक्यांनी हॉटेलात हात पाहून माणूस निवडला, त्यात नुसता नाइलाज नव्हता. पडद्यावर काय उरतं हे त्यांना नेमकं कळलेलं होतं.

या चित्रपटाचा आज जो भाग हाती आहे, त्यात तारामतीच्या जलक्रीडेचं दृश्य आहे. राणी आणि दासी हौदात उतरल्यात, पाणी उडवतायत आणि राजा धावत येतो. ओल्या लुगड्यातल्या या साऱ्याजणी पुरुष आहेत, हे माहीत असूनही पहिले काही क्षण आपण फसतो. मग एखादीचे खांदे दिसतात आणि हसू येतं. अण्णांकडे मात्र पाहत राहावंसं वाटतं. दासी खेळतायत, आणि हा एकटा राणी आहे.

३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि चालला. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'साठी फाळक्यांना खऱ्या स्त्रिया मिळाल्या: दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. म्हणजे अण्णांची गरज संपली म्हणावं, तर नाही. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये सीता पुन्हा अण्णाच. आणि या वेळी रामही तेच. भारतीय पडद्यावरची ही पहिली दुहेरी भूमिका. ती निभावली कशी, याचं उत्तर कथेतच आहे. सीता अशोकवनात, राम समुद्राच्या अलीकडे. विरहाचीच गोष्ट असल्यानं दोघांना एका चौकटीत आणायची वेळ फारशी येत नाही. फाळके ट्रिकसीनचे बादशहा खरे, पण इथली निम्मी ट्रिक वाल्मीकीनं आधीच करून ठेवलेली होती.

राम पडद्यावर आला की लोक पायताणं काढून हात जोडत. गल्ल्यातली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीनं न्यावी लागली, अशीही कथा आहे. ज्याला लोकांनी हात जोडले, त्याच माणसाकडे बघून थोड्या वेळानं त्यांचे डोळे पाणावत. सीतेचे दंड अंमळ भरदार आहेत, हे काही चाणाक्षांच्या लक्षात आलं होतं म्हणतात. चार वर्षांत अण्णांना व्यायामाचा नाद लागला, की पंधरा रुपयांतलं जेवण अंगी लागलं, देव जाणे.

आमच्या बाजूला या मूकपटांची वाट बैलगाडीचीच. वरूडात रेल्वे आत्ता-आत्ता आली. मी लहानपणी बहिरमच्या जत्रेत तंबूतला सिनेमा पडद्याच्या मागच्या बाजूनं पाहिलेला आहे, जिथून सगळे नायक डावखुरे दिसतात. तो बोलपट होता, ऐकून तरी कळायचं. मूकपटाच्या पाट्या इंग्रजी-हिंदीत. ज्याला अक्षरओळख नाही त्यानं हातवाऱ्यांवरूनच गोष्ट समजून घ्यायची. लेखी शब्द न वाचता आलेल्या लाखो माणसांसाठी अण्णांचे हात हेच संवाद होते.

यानंतर अण्णांनी जे केलं ते मला त्यांच्या दोन्ही भूमिकांपेक्षा मोठं वाटतं. ते कॅमेऱ्याच्या पुढून मागं गेले. विसाच्या दशकात 'सत्यनारायण', 'बुद्धदेव' अशा मूकपटांचे ते छायालेखक झाले. कॅमेरा तेव्हा हातानं फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्यात ८ चौकटी, सेकंदाला २ फेरे म्हणजे १६. हात रेंगाळला तर पडद्यावरची माणसं तुरुतुरु पळतात, हात घाईला आला तर ती जड होतात. समोर राक्षस मरो की देव प्रकटो, मनातला ताल ढळता कामा नये. आचाऱ्याला हे शिकवावं लागत नसावं. पुरण हलवणाऱ्या हाताला वेग सांभाळायची सवय असतेच.

१९३१मध्ये 'आलम आरा' आला आणि पडद्याला कंठ फुटला. पुढच्याच वर्षी प्रभातनं 'अयोध्येचा राजा' काढला. गोष्ट तीच, हरिश्चंद्र-तारामतीची. तारामती झाल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, म्हणजे गंधर्व मंडळीच्या संस्थापकांपैकी एक. ज्या गळ्यांना मुका पडदा नको होता, ते आता वाजतगाजत आले. आमच्या अमरावतीत १९०७ साली जन्मलेले गजानन जागीरदार चरित्र अभिनेते म्हणून गाजले तेही याच बोलत्या पडद्यावर. त्यांचा रामशास्त्री आठवतो तो आवाजासकट. अण्णांची कारकीर्द मूकपटाबरोबर सुरू झाली आणि मूकपटाबरोबर मिटली.

'लंकादहन'चा जेमतेम काही मिनिटांचा तुकडा आज शिल्लक आहे. मागच्या हंगामात तो मोबाइलवर मी मंडीतल्या काकांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल उन्हाच्या आड धरला आणि शेवटपर्यंत पाहिला. सीता माणूस आहे हे मी आधी सांगितलं नव्हतं.

"हात बाईचेच हायेत," ते म्हणाले. "दंड नाई." मग पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. या खेपेला ते सीतेच्या तोंडाकडे निरखून बघत होते.

"मिशी साफ काढली हाये यानं," मोबाइल परत देत ते म्हणाले, "बाप नसन याले."