टेप ड्राइव्ह दिसत नाही तेव्हा

बॅकअपची टेप ड्राइव्ह बसवली आणि संगणकाला ती दिसतच नाही, तर दोष बहुधा ड्राइव्हचा नसतो. जुन्या स्कझी (SCSI) जोडणीत प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक लागतो. ७ सहसा कंट्रोलर कार्डाचाच. उपकरणांच्या साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नसेल, तर संकेत टोकावरून उलटे फिरतात आणि ड्राइव्ह कधी दिसते, कधी गायब होते. हा लपंडाव सर्वांत छळतो. २००० साली आलेल्या एलटीओ (LTO) या टेप-प्रकाराच्या अलीकडच्या ड्राइव्ह सॅस (SAS) केबलवर चालतात, पण अनेक डिस्क एकत्र हाताळणाऱ्या रेड (RAID) कार्डाला जोडल्यास अनेकदा ओळखल्या जात नाहीत. उपकरण थेट जोडणारे साधे एचबीए (HBA) कार्ड हवे. मग ड्राइव्हचा ड्रायव्हर बसवावा.

जोडणीइतकेच तापमानाकडेही पाहावे. खामगावसारख्या गावात मे महिन्यात पारा ४० अंश ओलांडतो. ड्राइव्हला साधारण ३५ अंशांपर्यंतच सोसते. उन्हातून आणलेले टेपचे कार्ट्रिज दिवसभर खोलीत ठेवूनच आत घालावे. शेवटी थोडा डेटा लिहून तो परत वाचून पाहावा.