एक दोष, अनेक आवृत्त्या



पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली म्हणून जुन्या प्रतींतील मुद्रणदोष नाहीसे होत नाहीत. जुनी प्रत ज्याच्या कपाटात असते, तो तीच चूक वाचत राहतो. संगणकाच्या आज्ञावलीचेही तसेच आहे.

आज्ञावलीची मुख्य प्रत सतत वाढत असते. तिला आपण खोड म्हणू. ठरावीक टप्प्यावर खोडाला शाखा फुटते आणि ती शाखा आवृत्ती म्हणून ग्राहकांच्या हाती जाते. पुढे खोडावर नवे काम चालू राहते. शाखेवर केवळ दोषदुरुस्ती करावयाची, असा संकेत आहे. सर्व ग्राहक एकाच वेळी नवी आवृत्ती घेत नाहीत. त्यामुळे अनेक शाखा एकत्र सांभाळाव्या लागतात.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका पतसंस्थेच्या व्याज-आकारणीत पैशांच्या पूर्णांकनाची चूक आढळली. रात्र जागून मी ती त्यांच्या शाखेत सुधारली. खोडात सुधारावयाची राहून गेली. वर्षभराने संस्थेने नवी आवृत्ती घेतली आणि तीच चूक परत आली. "हे तुम्ही मागेच दुरुस्त केले होते ना?" या व्यवस्थापकांच्या प्रश्नावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून पहिला नियम असा, की दुरुस्ती आधी खोडात करावी आणि मग शाखांत उतरवावी. लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांची परंपरा २००५ साली सुरू झाली. मूळ प्रवाहात स्वीकारलेली, आटोपशीर आणि खऱ्या दोषापुरती मर्यादित दुरुस्तीच तेथे घ्यावी, असा दंडक आहे. त्याच वर्षी जन्मलेल्या गिट या साधनात एकच बदल वेचून दुसऱ्या शाखेत नेता येतो. त्या आज्ञेला 'चेरी-पिक' म्हणतात. मूळ बदलाची ओळख नव्या नोंदीत लिहून ठेवण्याची सोयही तीत आहे. ती अवश्य वापरावी. दुरुस्ती कोठून आली, हे त्यामुळे पुढच्या माणसाला कळते.

दुसरा नियम म्हणजे दोष कोणत्या आवृत्तीत जन्मला, हे शोधावे. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या सुरक्षित संदेशवहनाच्या आज्ञावलीतील 'हार्टब्लीड' दोष जाहीर झाला. आलेल्या संदेशाची लांबी पडताळून न पाहिल्यामुळे परक्याला एका विनंतीसरशी ६४ किलोबाइटपर्यंत स्मृती वाचता येत असे. हा दोष मार्च २०१२ च्या १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंत होता, १.०.१जी मध्ये तो दूर झाला. ०.९.८ आणि १.०.० या जुन्या शाखांत तो नव्हताच. ज्याच्यापाशी आपल्या आवृत्तीची नोंद होती, त्याला आपण संकटात आहोत की नाही, हे तत्काळ समजले.

तिसरे असे, की एका शाखेत चाललेली दुरुस्ती दुसरीत चालेलच, असे नाही. भोवतालचा मजकूर बदललेला असतो. प्रत्येक शाखेची चाचणी स्वतंत्र घ्यावी. शाखेचे आयुष्यही आधी जाहीर करावे, ओपनएसएसएलने १.०.१ ची देखभाल २०१६ च्या अखेरीस थांबविली, ती अशीच पूर्वसूचना देऊन.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी गणित तपासताना विचारीत, "कच्च्या वहीत सुधारलेस, पक्क्या वहीत सुधारलेस का?" त्या प्रश्नाचा अर्थ मला पतसंस्थेच्या कार्यालयात, मान खाली घालून उभा असताना कळला.