भूकंपाचे धक्के आणि आपली दगडमातीची घरे

डोंगराची दरड सुटून वस्ती गाडली जाण्याची आपत्ती २०१४ साली माळीण येथे व २०२३ साली इर्शाळवाडी येथे ओढवली. हिंगोली जिल्ह्याची भूमी बहुतांशी पठाराची असल्यामुळे तसे भय येथे थोडे आहे. येथील शेतकरी बंधूंनी ओळख करून घ्यावी असे भूसंकट निराळे आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास, आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी सकाळी, जिल्ह्यास ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांस तर भूगर्भातील आवाज वर्षानुवर्षे परिचित आहेत. जमिनीच्या उथळ थरात लहान धक्का झाला की त्याच्या लहरी हवेत शिरून असा गडगडाट ऐकू येतो. त्यात दैवी कोप मानण्याचे कारण नाही.

आपल्या काळ्या पाषाणाखाली जुन्या भेगा आहेत. भारताचा भूखंड उत्तरेकडे रेटला जात असल्याने त्यांवर ताण साचतो, व तो सुटला म्हणजे जमीन हादरते. हा क्षण आधी सांगता येत नाही. घर मात्र आधी सुधारता येते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली, ती मुख्यत्वे स्वतःच्या घराखाली. त्या घरांच्या भिंती जाड होत्या. पण जाडी म्हणजे मजबुती नव्हे. आत एक व बाहेर एक असे दगडांचे दोन थर, मध्ये चिपा व माती, आणि दोहोंस जोडणारे काहीच नाही, अशी ती रचना. हादरा बसताच थर विलग होऊन ढासळतात. वर माळवदाचे ओझे असते ते वेगळेच. गळती थांबविण्यासाठी दरवर्षी मातीचा नवा थर देण्याची रीत आहे. माती एक फूट जाड झाली, तर तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीवर सुमारे सहा टन भार होतो! जुनी माती काढल्याशिवाय नवी घालू नये.

नवी भिंत बांधताना दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवावा. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींना वेढणारा सळईयुक्त काँक्रीटचा अखंड पट्टा घालावा. खर्च वाढेल हे खरे. परंतु काटकसर करावयाची तर ती अन्यत्र करावी.

पत्र्याच्या घरांवर वाऱ्यासाठी दगड ठेवलेले असतात. हादऱ्याने तेच झोपलेल्याच्या डोक्यावर येतात, म्हणून २०२४ च्या धक्क्यानंतर प्रशासनानेही ते काढण्याचे आवाहन केले होते. मात्र प्रथम पत्रे आकड्यांनी वाशांस घट्ट जखडावेत, मगच दगड उतरवावेत. नाहीतर वळवाच्या वादळात पत्रेच उडून जातील.

खाट जाड भिंतीपासून दूर टाकावी आणि दाराच्या वाटेत धान्याची पोती रचू नयेत. धक्का जाणवताच, दार जवळ असल्यास, मोकळ्या अंगणात यावे. ते दूर असल्यास भक्कम पलंगाखाली शिरून डोके झाकावे. भिंतीस नवी भेग पडली असेल तर जाणकाराकडून तपासणी होईपर्यंत त्या घरात निजू नये.

गोठ्याची भिंत बहुधा घराहूनही कच्ची असते. जनावरे तिला लागून बांधू नयेत, आणि दाव्यास एका ओढीने सुटेल अशीच गाठ मारावी.